‘रिकामा आहे’ म्हणजे नेमकं काय? जुने जर्मन हँडग्रेनेड जमवायचे असतील तर

प्रश्न विचारणारे मूळ पुण्याचे, सध्या नोकरीसाठी जर्मनीतल्या आखेनजवळ राहतात. तिथल्या एका फ्ली मार्केटात त्यांना दोन वस्तू दिसल्या. एक लाकडी दांड्याचा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ग्रेनेड आणि दुसरा काँक्रीटचा ओबडधोबड गोळा, जो विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार युद्धाच्या शेवटी घाईघाईत बनवलेल्यांपैकी आहे. दोन्ही रिकामे आहेत असं तो छातीठोकपणे सांगतो. यांना तीन गोष्टी विचारायच्यात: खरे आहेत का हे कसं ओळखायचं, कलेक्शनची सुरुवात यांनीच करावी का, आणि पुढे कधी परत आलो तर पुण्याला आणता येतील का.

मी बरीच वर्षं जर्मनीत आहे आणि निष्क्रिय केलेले ग्रेनेड हाच माझा छंद आहे, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही ‘खरा की खोटा’ यावर अडकलाय पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो. नाणी, स्टॅम्प, जुनी घड्याळं या सगळ्या छंदांत खोटी वस्तू गळ्यात पडणं हे सगळ्यात वाईट. इथे उलटं आहे. खोटा निघाला तर फक्त पैसे गेले, आणि खरा निघाला तर मग विचारायचं की तो आतून कसा आहे. म्हणजे वस्तू अस्सल असावी असं तुम्हाला जितकं मनापासून वाटतंय तितकं तुम्ही तिच्याकडे संशयाने बघायला पाहिजे, आणि माणसाचं मन नेमकं याच्या विरुद्ध चालतं, आवडलेली वस्तू दिसली की विक्रेत्याचं सगळं पटायला लागतं. म्हणून माझा नियम साधा आहे: ‘रिकामा आहे’ हे मी ऐकत नाही, मला रिकामी जागा दिसली पाहिजे. जिथे ती दिसत नाही तिथे मी हातही लावत नाही, मग ती वस्तू कितीही दुर्मिळ असो.

बाकी बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच कबूल करतो. तुम्ही कुठल्या देशात राहता, वस्तू जुन्या कलेक्शनमधून आलीय की कुणी जंगलातून उकरून आणलीय, विक्रेता कागद देतो की नुसतं हसतो, घरी लहान मुलं आहेत का, या सगळ्यावर उत्तर बदलतं. त्यामुळे मी तुमच्या त्या दोन वस्तू न बघता ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं शंभर टक्के सांगू शकत नाही, पण एकीबद्दल माझं मत जवळजवळ पक्कं आहे, ते पुढे येईलच.

दांड्याच्या ग्रेनेडपासून सुरू करू. तुम्ही फोटोवरून वर्णन केलंय त्यावरून ते मॉडेल २४ असणार, जर्मन नाव श्टीलहांडग्रनाटे २४, इंग्रज सैनिक ज्याला पोटॅटो मॅशर म्हणायचे तेच. लांबी साधारण ३६ सेंटीमीटर, भरलेल्याचं वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, त्यात स्फोटक सुमारे १७० ग्रॅम. वर पत्र्याचा डबा, खाली पोकळ लाकडी दांडा, दांड्याच्या तळाला फिरवून उघडणारी पत्र्याची टोपी, टोपीच्या आत चिनी मातीचा छोटा मणी आणि त्याला बांधलेली दोरी जी दांड्याच्या पोकळीतून वर इग्नायटरपर्यंत, म्हणजे पेटवणाऱ्या भागापर्यंत जाते. सैनिक काय करायचा, तर टोपी फिरवायचा, मणी खाली लोंबला की ओढायचा आणि फेकायचा, साडेचार सेकंदांच्या आसपास वेळ मिळायचा.

आता हे वाचून एक लक्षात घ्या. टेबलावर असा ग्रेनेड दिसला की उत्सुक माणूस पहिलं काय करतो? टोपी फिरवून बघतो. म्हणजे सैनिकाने जे केलं असतं त्यातली पहिली पायरी तुम्ही बाजारात उभं राहून केलेली असते, आणि मणी बाहेर आला की दुसरी पायरी करायची खाज सगळ्यांनाच सुटते. म्हणून टोपी विक्रेत्याने उघडायची, तुम्ही नाही, आणि मुळात ज्याला उघडून दाखवायची भीती वाटते त्याच्याकडून काही घ्यायचंच नाही. नीट निष्क्रिय केलेला नग विक्रेता आधीच तीन तुकड्यांत मांडून ठेवतो: डबा वेगळा, दांडा वेगळा, टोपी वेगळी. दांड्याच्या एका टोकाला डोळा लावला की दुसऱ्या टोकाचा उजेड दिसला पाहिजे. डब्याच्या आत टॉर्च मारला की पत्र्याचा तळ दिसला पाहिजे, पिवळट किंवा तपकिरी असं चिकटलेलं काही नको, आणि ‘ते प्लास्टर आहे, वजनासाठी भरलंय’ असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जायचं. प्लास्टर असेलही, पण ते प्लास्टरच आहे हे ठरवायचं काम तुमच्या नखाचं नाही. वजनावरूनही निष्कर्ष काढू नका, कारण वाळू भरलेले असतात आणि अर्धवट रिकामे केलेलेही असतात.

एवढं जमलं की मग अस्सलपणाकडे या. चोवीसच्या नकला प्रचंड आहेत, सिनेमावाल्यांच्या, युद्धप्रसंग उभे करणाऱ्या हौशी ग्रुपच्या, आणि आता थेट फसवायला बनवलेल्या. साध्या नकलेत डबा चकचकीत अॅल्युमिनियमचा किंवा भरीव लाकडाचा असतो आणि दांडा आरपार पोकळ नसतो, ते लगेच कळतं. चांगल्या नकलेत मात्र सगळं असतं. मग मी आटे बघतो. जुन्या दांड्याच्या वरच्या टोकाला आटे असलेला धातूचा भाग लाकडात बसवलेला असतो आणि ऐंशी वर्षांत लाकूड आक्रसल्यामुळे तिथे एक बारीक फट पडते, त्या फटीत धूळ, तेल, गंज यांचा एकजीव काळपट थर असतो. नवीन दांड्यावर कॉफीचं पाणी किंवा रंग फासून म्हातारपण आणलेलं असतं तेव्हा पृष्ठभाग काळा होतो पण ती फट आतून स्वच्छ राहते. तसंच गंजाचं. ॲसिडने चढवलेला गंज सगळीकडे सारखा आणि केशरी असतो, खरा गंज जिथे हात लागला, जिथे पाणी साचलं तिथे जास्त, बाकी ठिकाणी मूळ रंगाचे तुकडे अजून शिल्लक. डब्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘वापरण्यापूर्वी डिटोनेटर (मुख्य स्फोटक उडवणारा छोटा भाग) बसवा’ अशा अर्थाची जर्मन सूचना छापलेली असायची, ती एकदम टवटवीत आणि खालचा रंग मात्र झिजलेला असेल तर ती परवा छापलीय असं समजा. शिक्के, साल, कंपनीचा कोड हे सगळं डबा आणि दांडा दोन्हीवर बघा, पण दोन्हीवर वेगवेगळं साल असलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका, कारण निष्क्रिय केलेले नग जोडताना लोक दोन-तीन ग्रेनेडचे भाग एकत्र करतात. त्याला मी खोटं म्हणत नाही, फक्त पैसे कमी देतो.

पहिल्या महायुद्धातला दांड्याचा ग्रेनेड लांबून सारखाच दिसतो. त्याच्या डब्याच्या अंगाला पट्ट्यात अडकवायचा पत्र्याचा हुक असायचा आणि दांड्यावर बऱ्याचदा साडेपाच सेकंदांचा शिक्का, चोवीसला तो हुक नाही. विक्रेते हे सर्रास एकमेकांत मिसळतात, कधी अज्ञानाने, कधी मुद्दाम, कारण १९१५ चा म्हटलं की किंमत वाढते.

सुरुवात कशाने करावी असं विचाराल तर माझं उत्तर सरावाचा नग. चोवीसच्या सरावाच्या आवृत्तीचा डबा लाल रंगाचा असतो आणि त्याला मोठी भोकं असतात, धूर बाहेर यावा म्हणून. म्हणजे आत काय आहे हे बाहेरूनच दिसतं, त्यातही इग्नायटर नाही ना हे बघायचं असतंच, पण तरी मनाला बरं. शिवाय तो खरा, त्या काळातला, सैनिकांनी हाताळलेला असतो. कलेक्शनमध्ये लोकांना तो दुय्यम वाटतो, मला नाही वाटत.

दुसरं म्हणजे अंड्याच्या आकाराचे, १९३९ चं मॉडेल. पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांचं अंडं आणि वर रंगीत टोपी. निळी म्हणजे साडेचार सेकंद, लाल म्हणजे जवळजवळ लगेच, जी सापळ्यांसाठी वापरायचे. लाल टोपीला भाव जास्त म्हणून निळ्यावर लाल रंग मारलेले नग बाजारात फिरतात. त्यावरून दोन गोष्टी समजा, रंगावरून अस्सलपणा ठरत नाही, आणि रंगावरून सुरक्षितता तर बिलकूल ठरत नाही. अंडं घ्यायचं तर इग्नायटर काढलेलं आणि वरच्या भोकातून आतला तळ दिसणारंच घ्या. काही निष्क्रिय नगांना बाजूला सरळ भोक पाडलेलं असतं, कलेक्टर नाकं मुरडतात, मी असे आनंदाने घेतो.

पहिल्या युद्धातले बिडाचे गोळे, १९१३ आणि १९१५ ची मॉडेलं, दिसायला फार देखणे. साधारण ८ सेंटीमीटर व्यासाचा, किलोभर वजनाचा गोळा आणि १९१३ च्याला अंगभर चौकड्या. बीड असल्यामुळे मातीतही टिकतात आणि म्हणूनच उकरून काढलेल्यांची संख्या खूप, आणि उकरलेल्यांमध्ये भोक गंजाने बुजलेलं असतं. अशाला लांबूनच नमस्कार. त्याच काळातली तबकडीसारखी एक जात आहे जी आपटल्यावर फुटायची, वेळेचा हिशोबच नव्हता तिथे. ती जमिनीत सापडली तर तिच्याजवळ उभंही राहू नका, उचलणं तर सोडाच.

आता तुमचा काँक्रीटचा गोळा. इथे जरा सविस्तर सांगायला हवं कारण हाताने बनवलेले, जुगाड करून बनवलेले ग्रेनेड हा या छंदातला सगळ्यात आकर्षक आणि सगळ्यात घसरडा भाग आहे.

जर्मनांनी असे ग्रेनेड दोनदा बनवले आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्यात ग्रेनेडचा केवढा उपयोग झाला हे जर्मन निरीक्षकांनी बघितलं होतं, म्हणून १९१४ ला बाकीच्यांच्या मानाने त्यांची तयारी बरी होती. पण ते ग्रेनेड होते मुख्यतः पायोनियर म्हणजे इंजिनियर तुकड्यांसाठी, किल्ल्यांच्या वेढ्यासाठी. शरद ऋतूत आघाडी खंदकांत गोठली आणि प्रत्येक पायदळ कंपनीला ते हवे झाले. कारखान्यांना वेग येईपर्यंत आघाडीमागच्या पायोनियरांच्या वर्कशॉपमध्ये हाताला लागेल त्यातून बनवायला सुरुवात झाली. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे लाकडी फळकुटाला स्फोटकाचा डबा तारेने आवळलेला, इंग्रज त्याला हेअरब्रश म्हणायचे कारण दिसायचा तसाच. समोरच्या इंग्रजांच्या बाजूलाही हेच चाललेलं, जॅमच्या डब्यांतून बॉम्ब बनत होते. आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, दोन कंपन्या, २० आणि २१, त्याच बाजूने २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात होत्या, त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी तिथे मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा हा सगळा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाहीये.

दुसरी वेळ म्हणजे युद्धाचा शेवट. १९४४ च्या शरदात १६ ते ६० वयाच्या पुरुषांची फोल्क्सस्टुर्म ही नागरिकांची फौज उभी केली, त्यांना द्यायला शस्त्रं नव्हती, चांगला पत्रा आणि पोलाद वाचवायचं होतं, म्हणून काँक्रीटचे आणि लाकडाचे ग्रेनेड आले. म्हणजे पहिल्या वेळी घाई होती आणि दुसऱ्या वेळी टंचाई. वस्तू हातात घेतली की हा फरक दिसतो: १९१४-१५ च्या जुगाडात कारागिराचा हात असतो, प्रत्येक नग वेगळा, १९४५ च्यात साच्यातून काढलेला ओबडधोबड पण सारखा माल असतो.

आणि इथेच गोची आहे. चोवीसला मोजमापं आहेत, शिक्के आहेत, शेकडो खरे नमुने तुलनेला आहेत. खंदकातल्या फळकुटाला काय आहे? जुनं लाकूड, जुनी तार, जुना डबा, हे तीनही कुठल्याही गावाकडच्या गोठ्यात मिळतात. काँक्रीटचा गोळा तर सिमेंट आणि साचा असला की कुणीही ओतेल आणि एक पावसाळा अंगणात पुरून ठेवेल. त्यामुळे जुगाड ग्रेनेडच्या बाबतीत वस्तू स्वतः जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही, सिद्ध करतो तो तिचा इतिहास: कुणाच्या कलेक्शनमध्ये होती, कधीपासून, जुना फोटो आहे का, पावती आहे का. फ्ली मार्केटातल्या टेबलावर हा इतिहास नसतो, तिथे फक्त गोष्ट असते, आणि आजोबांच्या तळघरातली गोष्ट प्रत्येक विक्रेत्याकडे असते.

सुरक्षिततेच्या बाजूनेही तीच अडचण, उलट जास्त. काँक्रीटच्या गोळ्याच्या आत डोकावता येत नाही. आतली पोकळी केवढी असायला हवी हे तुम्हाला माहीत नाही, इग्नायटरच्या जागी सिमेंटचा बुच आहे की मुळातच तसं आहे हेही नाही. याहून वाईट एक उदाहरण देतो. युद्धाच्या शेवटी निपोलिट नावाचा प्रकार निघाला, उरलेली, जुनी झालेली बंदुकीची दारू परत वापरून बनवलेलं एक स्फोटक. ते इतकं कडक की लेथवर कातता यायचं, त्यामुळे त्याला बाहेरून पत्र्याचं कवच लागायचंच नाही. त्याचे ग्रेनेड बनले. म्हणजे जे हातात धरलंय, जे जुन्या प्लास्टिकसारखं किंवा लाकडासारखं दिसतंय, तेच स्फोटक. त्यातला इग्नायटर काढला की विक्रेता निरागसपणे म्हणणार ‘रिकामा आहे’, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे तो खोटंही बोलत नसतो.

म्हणून तुमच्या दोन वस्तूंबद्दल: दांड्याचा सुटा करून दाखवला आणि आरपार उजेड दिसला तर भाव करा. काँक्रीटचा तिथेच राहू द्या. जुगाड ग्रेनेड हा कलेक्शनचा शेवटचा कप्पा आहे, पहिला नाही. बघायचेच असतील तर म्युझियममध्ये मनसोक्त बघा, तुम्ही आखेनला आहात म्हणजे कोब्लेन्झची वेअरटेक्निश श्टुडियनझाम्लुंग (लष्करी तंत्रज्ञानाचा संग्रह) जवळच पडेल, बेल्जियममधल्या ईपरचं इन फ्लँडर्स फील्ड्स म्युझियमही एका दिवसात होतं. पहिल्या युद्धासाठी इंगोलश्टाटचं बव्हेरियन आर्मी म्युझियम, आणि ड्रेस्डेनचं लष्करी इतिहासाचं म्युझियम तर आहेच. काचेमागचे खरे नग तासभर बघितल्यावर बाजारातल्या नकला आपोआप डोळ्यात खुपायला लागतात, हे मी अनुभवाने सांगतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण आखेन म्हटल्यावर सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्युर्टगेनचं जंगल तुमच्या दारात आहे. सप्टेंबर १९४४ ते फेब्रुवारी १९४५ तिथे अमेरिकन आणि जर्मन सैन्यात जी लढाई झाली तिचा दारूगोळा अजून जमिनीत आहे. मेटल डिटेक्टर घेऊन वीकेंडला जाणारे मित्र भेटतील, त्यांच्याबरोबर जाऊ नका. परवानगीशिवाय शोधणं जर्मनीत बेकायदेशीर आहे, फ्रान्समध्येही डिटेक्टरला प्रशासनाची परवानगी लागते, पण कायदा बाजूला ठेवला तरी गंजलेल्या डिटोनेटरला तुमचं शिक्षण कळत नाही. काळाबरोबर हे थंड होतं असं लोकांना वाटतं. मुख्य स्फोटक ऐंशी-शंभर वर्षं सहज टिकतं आणि डिटोनेटरचं रसायन काही वेळा आधीपेक्षा चिडकं होतं. फिरताना काही दिसलं तर हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, ११० ला फोन करा, राज्याचं दारूगोळा निकामी करणारं पथक येऊन घेऊन जातं. बेल्जियममध्ये लष्कराचं डोव्हो नावाचं पथक हेच काम वर्षभर करतं, शेतकरी नांगरताना सापडलेले गोळे रस्त्याकडेला ठेवतात आणि पथकाची गाडी ते गोळा करते. शेतकरी करतात म्हणून आपण करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

कागदपत्रं. जर्मनीत हँडग्रेनेड युद्धशस्त्रांच्या कायद्यात येतो, त्यामुळे ‘निष्क्रिय’ हा शब्द तिथे कायद्याच्या अर्थाने लागतो. विक्रेत्याकडून लेखी घ्या, वस्तूचे सुट्या भागांसकट फोटो काढून ठेवा, आणि शंका असेल तर विकत घेण्याआधी आपल्या शहराच्या शस्त्र खात्याला विचारा, ते लोक वाटतात तितके खडूस नसतात. घेतलेली वस्तू ट्रेनने नेतानाही विचार करा. युरोस्टारमध्ये युद्धातल्या असल्या वस्तू, रिकाम्या किंवा नकली असल्या तरी, चालत नाहीत. स्कॅनरवरच्या माणसाला तुमचा आरपार उजेड दिसत नाही, त्याला आकार दिसतो.

कलेक्शनची एक फाइल करा आणि ती कुठे आहे हे घरच्यांना माहीत असू द्या. जर्मनीत म्हातारा कलेक्टर गेला की मुलांना तळघरात हे सापडतं, ती घाबरून पोलिसांना बोलावतात, गल्ली रिकामी होते आणि सगळा ठेवा, चांगल्यातला चांगला, नष्ट होतो. फाइलमध्ये प्रत्येक नगाचे सुट्या अवस्थेतले फोटो असले तर निदान बोलता तरी येतं.

राहिला पुण्याचा प्रश्न. माझं उत्तर सरळ नाही असं आहे. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये ॲम्युनिशनच्या व्याख्येतच ग्रेनेड येतात आणि त्यांचे भागही येतात, म्हणजे ‘नुसतं कवच आहे हो’ हे वाक्य मुंबई एअरपोर्टवर तुम्हाला वाचवेल या भरवशावर राहू नका. हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्ये नाही, घरसामानाच्या कंटेनरमध्येही नाही. आणायचीच हौस असेल तर आधी भारतातल्या वकिलाकडून लेखी सल्ला आणि परवानगी, आणि प्रामाणिकपणे सांगतो, एका दांड्यासाठी एवढी यातायात करण्यात अर्थ नाही. परत जायचं ठरलं की कलेक्शन जर्मनीतच विका किंवा एखाद्या म्युझियमला द्या.

आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी शेवटचं. मराठा लाइट इन्फंट्री इटलीत जर्मनांशी लढली, यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, दोघांच्याही लढाईत मशिनगनच्या ठाण्यांवर ग्रेनेड फेकणं होतंच. तिथून परतलेल्या जवानांनी आठवण म्हणून काय काय आणलं असेल सांगता येत नाही. सातारा, रायगड, कोकणात कुणाच्या माळ्यावर पणजोबांची ट्रंक असेल आणि तिच्यात बिडाचं किंवा पत्र्याचं असं काही दिसलं तर ट्रंक हलवू नका, फोटो काढायला उचलू नका, माझ्यासारख्याला मेसेज करून ‘हे काय आहे’ विचारत बसू नका. सगळ्यांना घराबाहेर काढा आणि ११२ ला फोन करा, बॉम्ब शोधक आणि नाशक पथक येईल. ते काय आहे आणि कुठल्या सालचं आहे हे त्यांनी बघितल्यावर निवांत बोलता येईल.